विज्ञान मंडळाची प्रश्नपेटी

गॅदरिंग म्हटलं की बाकी सगळ्यांना नाटकं आणि नाच आठवतात, मला मात्र आठवतो तो विज्ञान मंडळाचा दिवस, आणि त्यातही दुपारची केमिस्ट्री लॅब. दाराशी पुठ्ठ्याची प्रश्नपेटी ठेवलेली असायची, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची आणि बाई एकेक चिठ्ठी उघडून सगळ्यांसमोर उत्तर द्यायच्या. नाव नसल्यामुळे वर्गात कुणी विचारणार नाही असं सगळं त्या पेटीत यायचं.

दरवर्षी प्रश्न जवळपास तेच. सोडियमचं चिन्ह एनए का (लॅटिन नाव नेट्रियम म्हणून), ॲसिडमध्ये पाणी का नाही ओतायचं, मोल म्हणजे नक्की काय. पण बाई एकदाही म्हणाल्या नाहीत की हे मागच्या वर्षी सांगितलंय, दरवेळी पहिल्यांदाच कुणीतरी विचारतंय अशा आवाजात सुरुवात करायच्या. ॲसिडचा प्रश्न आला की बीकरमधल्या पाण्यात काचेच्या कांडीवरून थेंब थेंब सल्फ्युरिक ॲसिड सोडायच्या आणि बीकर बाहेरून हाताला केवढा गरम लागतो ते दाखवायच्या, मग म्हणायच्या, आता हीच उष्णता ॲसिडवर पडलेल्या जराशा पाण्यात निर्माण झाली तर ते तिथल्या तिथे उकळून अंगावर उडेल की नाही?

मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, प्रयोगही ठरलेला. निळे खडे परीक्षानळीत तापवले की पांढरे पडतात, नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात, आणि ती पांढरी पूड गार झाल्यावर पाणी टाकलं की परत निळी. स्फटिकात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे 5 रेणू बांधलेले असतात हे पुस्तकात वाचलं होतं पण कोरड्या खड्यातून पाणी निघताना बघणं वेगळंच.

माझी पहिली चिठ्ठी आठवीतली, क्लोरीनचा अणुभार 35.5 म्हणजे त्यात अर्धा प्रोटॉन असतो का. वर्गात हसले असते सगळे. बाईंनी चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली, आणि ड्रॉवरमधून मणी काढले, तीन पांढरे एक काळा. क्लोरीनचे अणू दोन वजनांचे असतात, पांढरा 35 चा, काळा 37 चा, करा बेरीज. 142. चारने भागा. 35.5! एकही अणू 35.5 चा नाही, तो आकडा फक्त सरासरीचा. निसर्गातलं प्रमाण साधारण 75.8 आणि 24.2 टक्के आहे, म्हणजे अगदी काटेकोर तीनास एक नाही, हेही त्यांनी सांगितलं, सोपं करताना काय सोडलं ते त्या नेहमी सांगायच्या आणि मला त्यांचं हेच सगळ्यात जास्त आवडायचं.

मग अकरावीत फोर-एस आणि थ्री-डी, म्हणजे अणूतले इलेक्ट्रॉन जिथे राहतात त्यातल्या दोन कक्षकांची नावं. पोटॅशियमचा 19 वा इलेक्ट्रॉन थ्री-डी सोडून फोर-एस मध्ये का जातो हे तोपर्यंत पाठ झालेलं, फोर-एसची ऊर्जा कमी म्हणून. मग पेटीतून चिठ्ठी आली की असं असेल तर लोखंडाचा आयन बनताना आधी फोर-एसचेच दोन इलेक्ट्रॉन का जातात. लॅबमध्ये एकदम शांतता. बाई म्हणाल्या, मी तुम्हाला आधी अर्धंच सांगितलं होतं, केंद्रकातले प्रोटॉन वाढत गेले की थ्री-डी आत खेचलं जातं, पोटॅशियमला जो क्रम होता तो लोखंडापर्यंत तसाच राहत नाही, आणि तिथे सगळ्यात बाहेर फोर-एसच असतं. ती चिठ्ठी कुणाची होती ते आजपर्यंत कळलं नाही, मला त्याला किंवा तिला भेटायचंय खरंच.

शेवट नेहमी दिवे घालवून व्हायचा. क्षार लावलेलं तारेचं टोक बर्नरच्या ज्योतीत, स्ट्रॉन्शियम लाल, बेरियम फिकट हिरवं, पोटॅशियम जांभळट, पण जरा जरी सोडियम मिसळलेलं असलं तर त्याचा पिवळा सगळं झाकून टाकायचा, म्हणून बाई तो पिवळा अडवणारी निळी कोबाल्ट काच द्यायच्या, ती हातोहात फिरायची.

नंतर एकदा माजी विद्यार्थी म्हणून गेलो तर बाईंनी पेटीच माझ्या हातात दिली. तिसरीच चिठ्ठी, क्लोरीनचा अणुभार अपूर्णांकात का. ड्रॉवर उघडला, मणी तिथेच होते. तीन पांढरे एक काळा मांडून बेरीज करून घेतली, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मागून एक मुलगी म्हणाली, पण मग साधारण तीनास एकच का, दोनास एक का नाही?

मी बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, त्यासाठी हे अणू ताऱ्यांच्या पोटात कसे तयार झाले तिथपासून सुरू करावं लागेल, बस खाली, आज उशीर होणारे.