तुम्ही विचारलंत म्हणून: लोकांनी हात लावला तर?

"आवाज काढणाऱ्या तुमच्या कलाकृती गल्लीत उघड्यावर मांडता, येणारा-जाणारा हात लावतो. मोडलं तर?" हा प्रश्न मला फार लोक विचारतात. मोडतं, आणि मी दुरुस्त करते. पण हात लागलाच नाही, तर माझ्या लेखी ते काम अजून झालेलंच नसतं.

2008 साली ल्यूक जेरम या ब्रिटिश कलावंताने बर्मिंगहॅममध्ये 15 पियानो रस्त्यावर ठेवले. कुणीही यावं, वाजवावं. कपडे धुण्याच्या दुकानात तेच लोक दर आठवड्याला भेटतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, हे पाहून त्याला ते सुचलं होतं.

आमच्या गल्लीला बोलतं करायला पियानो लागत नाही, नळ पुरतो. छत्रपती संभाजीनगरचं पाणी जायकवाडीहून येतं, आणि नळाला रोज येत नाही. येतं त्या दिवशी अख्खी गल्ली दारात. बेगमपुऱ्यात मी तेच मांडलं. निळे ड्रम, प्रत्येकाच्या झाकणाला दाराच्या अलार्मला असतो तसला चुंबकाचा स्विच, आत छोटा स्पीकर. झाकण उचललं की आवाज सुरू: मोटारीची घरघर, स्टीलच्या हंड्यात पडणारी धार, "नळ आले!" अशी आरोळी, "आधी तुमची मोटार बंद करा, आमच्याकडं थेंब येईना" हे भांडण. स्वतःचा आवाज ओळखला की बायका शेजारणीला हाताला धरून आणायच्या.

एका संध्याकाळी खरंच नळ आले. एका मावशींनी स्पीकर बाहेर काढला, पदराने पुसून माझ्या हातात दिला आणि ड्रम नळाखाली लावला. याला मी बिघाड म्हणणार नाही. पाण्याच्या दिवशी गल्लीत रिकामा ड्रम नुसता उभा राहतो का कधी? माझं काम गल्लीचं झालं, ते त्या क्षणी.

एक आजोबा मात्र नाराज होते. "आमचा हापसा कुठंय यात? खरी भांडणं तिथं व्हायची." बरोबरच होतं त्यांचं. हापसा कधीचा बंद पडलेला. त्यांनी दांड्याची करकर तोंडानेच काढून दाखवली, मी तीच घेतली.

तेव्हापासून एक ड्रम मी रिकामा ठेवते. त्यात फक्त माईक आणि एक बटण. मोठी माणसं आधी लाजतात, मग टँकरवाल्याला मारायची हाक भरतात. पोरं एकमेकांच्या आयांच्या नकला करतात.