तुम्ही विचारलंत म्हणून: शाळा ऐकत नाही, कोर्टात जाऊ का?

माझ्या मुलाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण आहे आणि दहावीला त्याला सवलती मिळाल्या, एवढ्या भांडवलावर मी ओळखीपाळखीतल्या आईबाबांची बिनफीची वकील झाले आहे. फोन बहुतेक सहामाहीचा निकाल लागला की येतात. 'ताई, शाळा ऐकतच नाही हो. कोर्टात जाऊ का?'

मी उलट विचारते, शाळेने नाही म्हटल्याचं काही लेखी आहे? नसतंच. 'आमच्याकडे तशी सोय नाही', 'स्पेशल स्कूल बघा ना', हे सगळं केबिनमध्ये बसवून गोड शब्दांत सांगितलेलं असतं. उद्या कुणी जाब विचारला तर शाळा म्हणणार, आम्ही कधी नाही म्हटलं? म्हणून आधी अर्ज. मुलाच्या डिस्लेक्सियाच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडायची आणि काय हवंय ते नेमकं लिहायचं: जादा वेळ, लेखनिक, फळ्यावरचं उतरवून घ्यायला मदत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख. आमच्या शाळेतला क्लार्क 'मॅडमना विचारून सांगतो' म्हणाला आणि शिक्का ड्रॉवरमध्ये टाकून मोकळा झाला. मी समोरच्या बाकावर बसून राहिले. शाळा सुटायच्या बेलला शिक्का बाहेर आला. पोच देतच नसतील तर स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा.

कायदा तसा बरा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण, धरलेली आहे. अनुदानित किंवा नुसती मान्यताप्राप्त शाळासुद्धा त्याच्या कलम 16 मध्ये येते. भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी, शिवाय अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं, हे सगळं त्या एका कलमात आहे. शेवटचं तर कित्येक मुख्याध्यापकांच्या गावीही नसतं. दात मात्र बोथट. पहिल्या उल्लंघनाला दंड जास्तीत जास्त 10,000 रुपये. एवढ्यात गॅदरिंगचा मंडपही उभा राहत नाही.

माझी चुलत बहीण न्यू जर्सीत असते. तिकडे 1975 च्या कायद्यापासून अशा प्रत्येक मुलाचा लेखी आराखडा होतो, त्याला आयईपी म्हणतात. त्यात लिहिलेली स्पीच थेरपी मिळाली नाही तर पालक रीतसर सुनावणी मागू शकतात. खळखळ तिथल्याही शाळा करतात आणि वकील तर परवडतच नाहीत. पण कागद शाळेलाच करावा लागतो. आपल्याकडे तो आईबापांनी एकेक अर्ज करून जमवायचा.

आता कोर्ट. 2021 मध्ये डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) असलेल्या एका मुलीला नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत हक्काचा जादा तास दिला नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने चूक परीक्षा घेणाऱ्यांचीच ठरवली, पण फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. हे वाचल्यापासून मी सांगते, दहावीच्या फॉर्मची वाट बघू नका, आठवीतच अर्ज करा. परीक्षा उरकल्यावर जिंकून मुलाच्या पदरात काय पडतं?

कोर्टाच्या अलीकडे राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, कार्यालय पुण्यात. तक्रार आपली आपण, मराठीत लिहून देता येते. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. मात्र शेवटी निघते ती शिफारस. ती मानायची नसेल तर तीन महिन्यांत कारण कळवावं लागतं. आमच्याकडे तर सुनावणीची वेळच आली नाही. शिक्के मारलेल्या प्रतींची फाईल टेबलावर ठेवली आणि मॅडमचा सूर बदलला.

उरला तो प्रश्न, जो फोन ठेवता ठेवता हळूच येतो: 'मुलावर राग काढतील का?' काढतात कधीकधी. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मानसिक छळाला मनाई करतं, पण वर्गात मारलेला टोमणा सिद्ध कसा करणार? म्हणून शक्य असेल तर दोघीतिघींनी मिळून अर्ज द्या, म्हणजे एकाच पोरावर डोळा राहत नाही. आम्ही तिघी होतो.