जुन्या कारकुनावर लिहायची वेळ येते तेव्हा

वकिलाच्या ऑफिसात तीस-पस्तीस वर्षं काढलेला कारकून वारला, की त्याच्यावर लिहायचं काम बहुधा सगळ्यात नव्या वकिलाच्या गळ्यात पडतं. मग 'निष्ठावान', 'मितभाषी', 'ऑफिसचा आधारस्तंभ' वगैरे. हे शब्द कुणालाही चिकटतात, तिथेच लेख फसतो.

त्यापेक्षा त्यांचं काम लिहा. कोर्टात द्यायच्या कागदांच्या पानांवर आकडे ते पेन्सिलीनंच का घालत? ऐनवेळी मध्ये एक कागद घुसवावा लागला, की पुढचे सगळे आकडे बदलतात. शाईनं घातलेले असले की खाडाखोड तरी, नाहीतर सगळा संच नव्यानं काढा. म्हणून शाई आणि अनुक्रमणिका अगदी शेवटी. मुदतीची तारीख डायरीत दोनदा: खऱ्या दिवशी आणि आठवडाभर आधी. शेजारी बारीक अक्षरात हिशेब, पहिला दिवस धरला की सोडला, शेवटी सुट्टी आली का. नुसती तारीख लिहिली तर तपासणारा ती वाचतो, मोजत नाही, आणि एका दिवसाची चूक तशीच पुढे सरकते. असा एक परिच्छेद दहा विशेषणांना भारी पडतो.

माहिती काढताना 'माणूस कसा होता?' विचारू नका. 'चांगला होता' एवढंच हाती लागतं. 'तुम्ही अर्धवट फाइल नेलीत तेव्हा ते काय म्हणाले?' असं विचारा. टायपिस्टला विचारा, समोरच्या वकिलाच्या कारकुनाला विचारा, कोर्टात कागद दाखल करायच्या खिडकीवरच्या माणसालाही. त्यानं त्यांना जसं पाहिलंय तसं ऑफिसच्या भागीदार वकिलांनी पाहिलेलं नसतं. रुजू झाल्याचं साल मात्र पगाराच्या जुन्या नोंदवहीतूनच घ्या, आठवणीवर विसंबू नका.

खरी अडचण गोपनीयतेची. पक्षकाराचं नाव गाळलं म्हणजे झालं असं नाही. साल, दाव्याचा प्रकार आणि निकाल एकत्र आले की ओळखणारा ओळखतो. शेवटच्या मिनिटाला धावत जाऊन कागद दाखल केल्याचा किस्सा सगळ्यांना आवडतो, पण त्यात ऑफिसचा ढिसाळपणा आणि पक्षकाराचं प्रकरण दोन्ही उघडं पडतं. गाळा. फोटोसुद्धा मोठा करून बघा: मागच्या कपाटातल्या फायलींवरची नावं वाचता येतात.

मजकूर घरच्यांना आधी दाखवा. ऑफिसातलं लाडाचं टोपणनाव घरी कुणी ऐकलेलंही नसतं, आणि ते त्यांच्या मनाला लागू शकतं. शोकसभेत वाचायचा असेल तर चारशे शब्द पुरेत, साधारण चार मिनिटं.

घरच्यांना आठवण म्हणून टेबलावरची पेन्सिल, पट्टी, चष्म्याचं घर द्या. डायरी देऊ नका. पुढच्या महिन्याच्या मुदती तिच्यातच आहेत, आणि त्या अजून कुणी उतरवून घेतलेल्या नसतात.