रोझेटच्या दीडशे फ्रेम आणि भिंतीवरचं पंचांग

हिशेब आधी सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय त्यांची सुटका. दुर्बिणीतून फोटो काढलाय तो रोझेट तेजोमेघाचा, म्हणजे आकाशातल्या गुलाबासारख्या दिसणाऱ्या वायूच्या ढगाचा. एच-अल्फा (हायड्रोजनच्या प्रकाशाचा फिल्टर) ५ तास ३० मिनिटं, ओथ्री (ऑक्सिजनचा) ३ तास ५० मिनिटं, एसटू (गंधकाचा) ३ तास १० मिनिटं. पाच-पाच मिनिटांच्या १५० फ्रेम, एकूण साडेबारा तास. शिवाय ओथ्रीच्या ४१ फ्रेम कचऱ्यात. पुढचं निम्मं रामायण त्या ४१ फ्रेमचंच आहे.

सामान जुनंच. ७२ मिलिमीटरची ईडी दुर्बीण, रिड्यूसर लावून फोकल लेंथ ३५७. एएसआय ५३३ मोनो कॅमेरा उणे १० अंशांवर, गेन १००. एचईक्यू५ माउंट, म्हणजे ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणारं यंत्र. सात नॅनोमीटरचे सव्वा इंची फिल्टर. फिल्टर आपोआप बदलणाऱ्या व्हीलचे पैसे पियरमध्ये, म्हणजे माउंटखालच्या खांबात गेले, त्यामुळे ड्रॉवर सरकवून हातानेच फिल्टर बदलतो. सेन्सर चौकोनी, ११.३ मिलिमीटरचा, म्हणजे चौकट जवळपास १.८ अंशांची. रोझेटचा पसारा १.३ अंशांच्या आसपास, पौर्णिमेच्या चंद्राच्या अडीचपट. तो छान मावतो आणि कडेला श्वास घ्यायला जागाही उरते.

पियरबद्दल थोडं, कारण आपल्या भागात हा त्रास सगळ्यांना आहे. बेळगाव १५.८ अंश उत्तर अक्षांशावर. माउंटचा ध्रुवाक्ष जेमतेम १६ अंश वर बघतो, जवळजवळ आडवाच. त्यामुळे वजनाचा दांडा सरळ खाली लोंबतो आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायावर जाऊन आदळतो. तो पाय दक्षिणेला फिरवला तर दांडा दोन पायांच्या मधून जातो, पण मग रात्री एक वाजता नेमका त्याच पायाला आपला पाय अडतो. मी उद्यमबागेत नोकरी करतो, तिथे लेथवाल्यांना काय तोटा! सहा इंची पाइप, वर-खाली फ्लँज, तीन गसेट, टॅप मारून बोल्ट. टर्नरने ड्रॉइंग बघून विचारलं, "कुठल्या पंपाचं हे?" आभाळाचा फोटो काढायला म्हटल्यावर त्याने मजुरी कमी केली नाही, पण फ्लँजची फेसिंग अशी केली की पट्टी ठेवली तर खालून उजेड दिसत नाही.

माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, पण शहापुरातल्या आमच्या गच्चीवरून ध्रुव दिसतच नाही. उत्तरेला शेजारच्या काकांची पाण्याची टाकी आहे आणि १६ अंशांवरचा तारा तिच्या बरोब्बर मागे. निना या सॉफ्टवेअरमधलं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट हाच उपाय. आकाशात तीन ठिकाणी फोटो काढून तारे ओळखतं आणि किती चुकलंय ते सांगतं, ध्रुवाची गरज नाही. पण या अक्षांशाचं देणंही आहे. रोझेट आपल्याकडे ७९ अंशांपर्यंत चढतो, अगदी डोक्यावर. लंडनकरांना तो ४३-४४ अंशांवर समाधान मानून बघावा लागतो.

आता मूळ मुद्दा. नॅरोबँड (एकेका रेषेपुरताच प्रकाश आत सोडणारे हे फिल्टर) घेतलं की चंद्राची फिकीर नाही, हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते खरंच मानून बसलो. २ जानेवारी, पौष पौर्णिमेची आदली रात्र. एच-अल्फा लावला, ५२ फ्रेम घेतल्या आणि काय सांगू, गच्चीवर पेपर वाचता येईल एवढं चांदणं असूनही पहिल्याच फ्रेममध्ये पाकळ्या उमटल्या. मधली पोकळी, वायव्येकडच्या काळ्या गुठळ्यांची रांग, सगळं. मी खूश. दुसऱ्या रात्री, भर पौर्णिमेला, त्याच जोशात ओथ्री लावला. ४१ फ्रेम. सकाळी सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या स्टॅक केल्यावर, म्हणजे एकावर एक रचल्यावर, हाती काय आलं? डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात उतरणारा राखाडी उतार आणि मध्ये कुणीतरी ओल्या बोटाने पुसल्यासारखा एक डाग. ग्रेडियंट काढायचं सॉफ्टवेअर चालवलं तर त्याने उताराबरोबर तो डागही नेला.

कारण शोधायला लांब जावं लागत नाही. एच-अल्फा ६५६.३ नॅनोमीटरला, ओथ्री ५००.७ ला. चांदणं म्हणजे शेवटी सूर्यप्रकाशच, आणि हवेचे रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त उधळतात. तरंगलांबीच्या चौथ्या घाताचं गणित लावलं तर ओथ्रीच्या जागी हे विखुरणं एच-अल्फाच्या जवळपास तिप्पट भरतं. त्यात आमच्या गल्लीतले सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आलेत. सोडियमचा उजेड मुख्यतः ५८९ च्या आसपास असायचा, फिल्टर त्याला दारातूनच परत पाठवायचा. एलईडीचा पट्टा रुंद, तो ५०० वर थोडा सांडतोच. आणि मुळात रोझेटचा ओथ्री एच-अल्फापेक्षा कितीतरी फिका. मध्यावरच्या एनजीसी २२४४ या गुच्छातल्या तरुण, तापट ताऱ्यांच्या अतिनील माऱ्याने ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन उडतात तेव्हा कुठे ही रेषा निघते, तीही मुख्यतः आतल्या भागात.

या रेषेची एक गोष्ट मला फार आवडते. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा वर्णपट बघितला आणि त्याला ही हिरवट रेषा दिसली. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना. मग 'नेब्युलियम' नावाचं मूलद्रव्यच कल्पून झालं. १९२७ मध्ये आयरा बोवेनने उलगडा केला की हा आपला ऑक्सिजनच आहे, फक्त वायू इतका विरळ की अणूला निवांत प्रकाश सोडायला वेळ मिळतो. आपल्याकडच्या हवेत त्याआधीच कुणीतरी येऊन धडकतं.

असो. तर ४१ फ्रेम बघत स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो. आईला म्हटलं, चंद्राने घात केला. ती कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "परवा रात्री आर्द्रा लागलंय, काल संध्याकाळी पुनर्वसू. तुझं ते फूल कुठल्या नक्षत्रात म्हणालास?" मी चहा तसाच ठेवला. रोझेट काक्षीपासून, म्हणजे आर्द्रेच्या ताऱ्यापासून, जेमतेम साडेनऊ अंशांवर. राशिचक्राच्या मापाने तो आर्द्रेच्याच घरात पडतो, क्रांतिवृत्ताच्या साधारण १८ अंश दक्षिणेला. दोन्ही रात्री चंद्र त्याच्यापासून फक्त २४ अंशांवर होता. मोबाइलमध्ये तीन अॅप आहेत माझ्या, चंद्राची टक्केवारी दाखवणारी. चंद्र कुठे बसलाय हे मी बघितलंच नव्हतं आणि भिंतीवर ते रोज छापलेलं होतं.

आणि महिन्यांची नावं बघा की. मार्गशीर्षाची पौर्णिमा मृगशीर्षाजवळ, पौषाची पुष्याच्या आसपास, माघाची मघेपाशी. थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज पक्का. म्हणजे रोझेटला मार्गशीर्ष-पौषातल्या पौर्णिमा सर्वांत वाईट, माघातली त्यामानाने बरी. तेव्हापासून माझी योजना अशी: मृग, आर्द्रा, पुनर्वसू या नक्षत्रांत मोठा चंद्र असेल तर रोझेटचा ओथ्री बंद. चंद्र लांब असेल तर एच-अल्फा आणि एसटू गच्चीवरून. ओथ्रीला अमावास्या आणि शहराबाहेरचं आभाळ.

शहराबाहेर म्हणजे मामाचं गाव, जांबोटीच्या अलीकडे. १७ जानेवारी, शनिवार, अमावास्येची आदली रात्र. पाइपचा पियर काही उचलून नेता येत नाही, म्हणून ट्रायपॉडच. मामाने शेताच्या कडेला लावू दिलं नाही. त्या बाजूला अस्वलं फिरतात, थट्टा नाही. अंगणातल्या खळ्यावर जागा मिळाली, भाताच्या पिंजराच्या गंजीच्या आडोशाला. गंजीमुळे वारा अडला, पण पिंजराची धूळ किती उडते हे सकाळी फ्लॅट (धुळीचे डाग वजा करायला घेतलेले कोऱ्या उजेडाचे फोटो) काढताना कळलं. ध्रुव दिसत होता. तो दिसल्याचा एवढा आनंद मला आजवर झाला नव्हता. मामाने अंगणातला दिवा मालवला, मग शेजारच्यांना हाक मारून त्यांचाही मालवायला लावला, आणि घोंगडं पांघरून बाजेवर बसला. तासाभराने म्हणाला, "भाच्या, दुर्बिणीला डोळा तर लावतच नाहीस. त्या डब्यालाच काय बघालास मघापासनं?"

सव्वाअकराला रोझेट माथ्यावर आला, मेरिडियन फ्लिप केला, म्हणजे दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला उलटवली. त्यानंतर गायडिंगचा आलेख एकदम पिसाटला. पाच-सात मिनिटं केबली चाचपल्या, बॅलन्स बघितला. शेवटी गाइड स्कोपच्या, म्हणजे माग ठेवायला एक तारा धरणाऱ्या छोट्या दुर्बिणीच्या, काचेवर बोट फिरवलं तर ओलं. मुख्य दुर्बिणीला हीटरची पट्टी होती, या पोराला मी विसरलो होतो. मामीने चुलीजवळचं कोरडं फडकं दिलं, ते गुंडाळून ठेवलं. पंधरा मिनिटांत तारे परत आले. दीडच्या सुमारास मात्र धुकंच उतरलं, मग आवरलं. ४६ फ्रेम पदरात.

बायस, म्हणजे कॅमेऱ्याचा अंधारातलाही मूळ आकडा, वजा करून दोन्हीकडच्या ओथ्रीची पार्श्वभूमी ताडून बघितली. पौर्णिमेची गच्ची खळ्याच्या दहापटीहून जास्त उजळ. पार्श्वभूमी दहापट म्हटल्यावर तेवढ्याच प्रतीचं चित्र मिळवायला साधारण दहापट वेळ लागणार. ३ तास ५० मिनिटांच्या बदल्यात गच्चीवर ३८ तास. कॅमेऱ्याचा रीड नॉइज (फ्रेम वाचताना त्यानेच मिसळलेला गोंगाट) धरला तर खळ्याची बाजू थोडी उतरते, पण थोडीच. त्या ४१ फ्रेम मी त्याच दिवशी पुसल्या.

२४ जानेवारीला परत गच्चीवर, एसटूसाठी. पहिल्या तासाच्या फ्रेम बघून छाती फुगली. एसटू इतका ठसठशीत? रोझेटमध्ये? चौदाव्या फ्रेमला संशय आला. ड्रॉवर काढून मोबाइलच्या पांढऱ्या उजेडात धरला. त्यावर 'एच' लिहिलेलं. झालं असं, तिन्ही ड्रॉवरवर पांढरे स्टिकर आहेत. एच-अल्फा आणि एसटू दोन्ही लाल रेषा म्हणून मी त्यांची अक्षरं हौसेने लाल मार्करने लिहिली होती, ओथ्रीचं निळ्याने. डोक्याला लाल टॉर्च लावली की लाल अक्षर पांढऱ्या स्टिकरवर दिसतच नाही, दोन्ही कोरे! ७० मिनिटांचा एच-अल्फा फुकट मिळाला एवढंच. आता कानशीने ड्रॉवरच्या कडेला खाचा पाडल्यात. एच-अल्फाला एक, ओथ्रीला दोन, एसटूला तीन. अंधारात अंगठ्याने मोजायच्या.

खरा एसटू १ फेब्रुवारीला झाला, माघ पौर्णिमेला. चंद्र पुष्य-आश्लेषाच्या सीमेवर, रोझेटपासून ४० अंशांच्या आसपास. सौंदत्तीच्या जत्रेला निघालेले टेम्पो रस्त्यावरून "उदं गं आई उदं" करत चालले होते आणि मी वर ३८ फ्रेम मोजत होतो. फिल्टर बदलल्यावर दर वेळी प्रश्वा ताऱ्यावर रोखून बाहतिनोव मास्क (फोकस जुळवायची खाचांची जाळी) लावून फोकस पुन्हा केला, यात आळस नाही. फ्लॅटसाठी ट्रेसिंगचा एलईडी पॅड आणि त्यावर आजोबांच्या जुन्या धोतराची चौपदरी घडी. गावाबाहेर उसाचा पाला पेटवला की काजळीची पिसं गच्चीपर्यंत येतात, त्यामुळे प्रत्येक रात्रीचे फ्लॅट वेगळे. जुने चालवून बघितले, डाग दुप्पट झाले.

प्रोसेसिंगवर फार लिहीत नाही. सिरिल, स्टारनेटने तारे वेगळे, मग दोन रूपं. एसटू लाल, एच-अल्फा हिरवा, ओथ्री निळा असं हबलच्या धाटणीचं एक, आणि एसटू वगळून लाल-निळं दुसरं. मला दुसरं जास्त भावतं. पोकळीतला निळसरपणा बाहेरच्या लालीत कसा विरत जातो ते त्यात दिसतं आणि तेवढ्यासाठीच तर जांबोटी गाठली होती. पहिलं, सोनेरी, घरच्यांना दाखवलं तर बायको म्हणाली, "गुलाब कुठला, ताटलीत कुंदा पसरल्यागत दिसतंय."

फाल्गुन लागला की रोझेट संध्याकाळीच कलायला लागतो, आता तो पुढच्या वर्षी. मन ईटा करायनाच्या तेजोमेघावर आलंय. तो आपल्याकडे दक्षिणेला फार तर साडेचौदा अंश चढतो, म्हणजे हात लांब केला तर दीड मूठ. मामाला फोन करून म्हटलं, खळ्यावर उभा राहा, दक्षिणेकडे हात ताठ कर आणि डोंगर किती मुठी ते सांग. दहा मिनिटांनी फोन आला. "डोंगर एक मूठ भरतोय. पण त्याच्या म्होरं आपला फणस हाय, तो दोन मुठी."