मटार सोलायला छोटा मदतनीस

बुधवार, रात्र

मटार स्वस्त झालेत. या दिवसांत घरोघरी परातीत शेंगांचा ढीग पडतो आणि दीड-दोन वर्षांचं मूल नेमकं त्या ढिगात हात घालतं. मग त्याला उचलून ठोकळ्यांच्या डब्यासमोर नेऊन बसवतात. ठोकळ्यांशी वैर नाही, पण माणसं परातीभोवती बसलेली आणि गप्पाही तिथेच चाललेल्या. मुलाला तिथेच बसायचं असतं, आणि त्याचं बरोबर आहे.

दीड वर्षाच्या बोटांनी बंद शेंग फुटत नाही. शेंगेचं टोक मोडून, शीर थोडी ओढून द्यावी. मग एका हातात शेंग धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फट वाढवणं जमतं. दोन्ही हातांनी एकाच वेळी वेगवेगळी कामं करायची, हा यातला खरा कठीण भाग. पुढे बटण लावताना, कात्री चालवताना हेच लागतं. दहा-बारा शेंगा पुरे. अर्धा किलो पुढ्यात ठेवला की पाच मिनिटांत सगळं उधळलं जातं आणि “याला काही जमत नाही” असा शेरा मिळतो. चूक ढिगाची असते.

धोका दाण्याचा. गोल, गुळगुळीत कच्चा दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. त्यामुळे मूल बसलेलं हवं, दाणा तोंडात घेऊन पळायचं नाही, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर. जे मूल अजून हाती येईल ते तोंडात घालतं, त्याला फक्त टरफलं द्यावीत. शेंगदाणे-फुटाणे तर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत अख्खे देऊच नयेत. दुसरी जागा नाकाची. एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड वाहत असेल तर आत काहीतरी अडकलंय असं धरून चालावं. चिमट्याने काढायला जाऊ नये, दाणा आणखी आत सरकतो. कानात गेला तर पाणी किंवा तेल ओतू नये; पाण्याने तो फुगतो. डॉक्टरांकडे जावं.

बोलण्याचं काम याच वेळी आपसूक होतं, फक्त मोठ्यांनी थोडं थांबायला हवं. “ही शेंग रिकामी निघाली बघ. आता कुठली घेऊ?” असं विचारून मनात पाचपर्यंत मोजावं. लहान मुलाला उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो आणि आपण दुसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. ती शेंग, तो दाणा, ते टरफल ही लिंगंही अशीच कानावर पडून बसतात. “तो शेंग” म्हणालं तर “चुकलं” म्हणू नये. “हो, ती शेंग मोठी आहे” एवढं पुरतं. घरात दोन भाषा असतील तर त्यामुळे बोलणं लांबत नाही. शब्द मोजायचेच तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत.

कणीक हा दुसरा पाठ, साधारण दोन वर्षांपासून. पाव वाटी पीठ, दोन-तीन चमचे पाणी, ताटाखाली ओलं फडकं, म्हणजे ताट सरकत नाही. पाणी चमच्याने मुलालाच घालू द्यावं. जास्त पडलं तर चिकट होईल, मग पीठ भुरभुरायचं. कारण आणि परिणाम हातालाच कळतो. आधी अख्ख्या मुठीने दाबणं येतं, मग तळव्यांत गोळा वळणं, बोटांच्या चिमटीने तुकडे तोडणं त्याहून पुढे. कच्चं पीठ खाऊ देऊ नये. हात असे तयार व्हायच्या आधी तीन वर्षांच्या मुलाकडून रेघेत ‘अ’ गिरवून घेणाऱ्या शाळांचं कौतुक का होतं, कळत नाही. पेन्सिल मुठीत आवळली जाते, हात दुखतो आणि लिहिणं नकोसं होतं.

मोजणंही स्वयंपाकघरातच. अडीच वर्षांचं मूल दहापर्यंत धडाधड म्हणून दाखवतं, पण “तीन चमचे आण” म्हटलं की मूठभर आणतं. ते पाठांतर असतं. जेवणाआधी “आजीला एक वाटी, आजोबांना एक वाटी” असं वाढून घ्यावं. एकाला एक ही जोडी बसली की संख्येला अर्थ येतो. वाट्या स्टीलच्याच असाव्यात. प्लॅस्टिकचं भांडं हलकं, कलंडतं. स्टीलचं वजन हाताला जाणवतं. पाणी ओतायला दिलं तर फुलपात्र एक तृतीयांशच भरावं.

यात नवं काही नाही. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या माँटेसरी साहित्याऐवजी बिया, शंख-शिंपले, खडे, पानं घेतली आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली.

फोनबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त तासभर. जेवताना तर नकोच. स्क्रीनकडे बघत खाल्लं की पोट भरल्याचं मुलाला कळत नाही.

हे सगळं घरात असूनही बोलणं मागे राहू शकतं. वर्षाच्या मुलाने बोटाने काही दाखवलं नाही, बडबड केली नाही, दीड वर्षाला एकही शब्द नाही, दोन वर्षांना स्वतःची दोन शब्दांची जोडणी नाही, किंवा येत असलेलं बोलणं गेलं, तर “याचे बाबाही उशिराच बोलले” म्हणत थांबू नये. पहिली तपासणी कानाची, म्हणजे नीट ऐकू येतं का याची. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य पथक येतं, त्यांनाही दाखवता येतं.

उद्या मेथी. पान खुडणं मटारापेक्षा सोपं, गिळून अडकायची भीती कमी, आणि बसायला आजोबा मोकळे आहेत. जुडी आधी धुऊन निथळून ठेवायला हवी, नाहीतर माती तोंडात.