चूक त्याची, मग बाजूला मी का व्हायचं?

रस्त्यावर दुसरा दादागिरी करतो तेव्हाचं हे, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गाडी शिकवणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही, आणि विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. 'बरोबर आहे तुमचं' एवढंच ऐकायचं असतं. बरोबर आहे तुमचं. तरी व्हा बाजूला.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर उजव्या लेनमध्ये मागचा डिपरवर डिपर मारतोय. ताशी १०० ला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. त्याची जिरवायला ब्रेकला नुसता पाय लावलात तरी तो तुमच्या डिकीत. ॲक्सिलरेटर हलकेच सोडा, पुढचं अंतर वाढू द्या, आरसा, डावा इंडिकेटर, डावीकडे. बोरघाटाच्या चढाला भरलेला ट्रक रांगतो, तेव्हा तुमच्या हॉर्नने त्याचा माल हलका होत नाही, हेही सांगून ठेवतो.

खरी वेळ पुढे येते. तो ओव्हरटेक करून गाडी आडवी घालतो आणि दार उघडतो. आता सगळं तुम्ही थांबताना किती जागा सोडली त्यावर. त्याचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतायत एवढी सोडली असेल, तर रिव्हर्स न टाकता वळून निघता येतं. नाक चिकटवलंत तर अडकलात. इंजिन चालू, क्लच दाबून पहिला गिअर, सेंट्रल लॉक, काचा वर. तो बॉनेटवर हात आपटेल, आईवरून बोलेल. उतरायचं नाही. बेल्टही काढायचा नाही. बेल्ट काढला की हात आपोआप दाराकडे जातो. ११२ लावा. निघता आलं तर पेट्रोल पंप किंवा पोलीस चौकी गाठा. घराकडे वळू नका, त्याला घर दिसतं.

याला भित्रेपणा म्हणायचं तर म्हणा. पतियाळात १९८८ मध्ये रस्त्यात उभी असलेली जिप्सी बाजूला घ्या म्हणणारा ६५ वर्षांचा माणूस मारहाणीनंतर दगावला. नवज्योतसिंग सिद्धूंना त्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा दिली, ती मे २०२२ मध्ये. त्या माणसाचंही बरोबरच होतं.

पूर्वी मी सांगायचो, हात वर करून माफी मागून टाका. आता जपून सांगतो. रात्री, काचेआडून, तोच हात 'काय रे?' असा दिसतो.

सगळेच असे बाजूला झाले तर दादागिरी वाढेल, म्हणता? वाढेलही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. डॅशकॅम बसवा, आणि क्लिप पोलिसांना द्या, सोसायटीच्या ग्रुपवर नको.