झरमॅट : जुलैत स्कीइंग करायचं तर पहाटे उठायची तयारी हवी

स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात, मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी सुमारे १,६०० मीटरवर झरमॅट आहे. गावाच्या वर थिओडूल हिमनदीवर उन्हाळ्यातही स्कीइंग चालतं. फक्त ते सकाळचं काम आहे. रात्रभरात गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा कडक असतो, ऊन चढलं की वरचा थर जरासा सुटतो आणि तास-दोन तास वळणं सुरेख बसतात. दुपारकडे त्याचा ओला लगदा होतो, स्की त्यात अडकते आणि गुडघा पिरगळतो. म्हणून पहिल्या गोंडोलाची वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवा आणि त्याच गोंडोलाने वर जा. स्पर्धकांचे संघही तेव्हाच सरावाला येतात, त्यामुळे रांग असते.

गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे. गाडीने येणाऱ्यांनी ती टेशला ठेवावी; तिथून शटल ट्रेन बारा मिनिटांत पोचवते. झ्युरिक विमानतळावरून ट्रेनने विस्पला गाडी बदलून साधारण साडेतीन तास लागतात. स्विस ट्रॅव्हल पास झरमॅटपर्यंत चालतो. वरच्या केबल कारच्या नुसत्या फेरफटक्याच्या तिकिटावरही त्यात सवलत मिळते, पण स्की पासवर, म्हणजे स्कीइंगसाठी लिफ्ट वापरायच्या तिकिटावर, मिळेल असं गृहीत धरू नका, खिडकीवर विचारा.

विमानातून उतरून दुसऱ्याच सकाळी वर जाण्याची घाई नको. वरचं स्टेशन ३,८८३ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशापेक्षाही कमी असतो आणि केबल कार तुम्हाला तासाभराच्या आत तिथे नेते. शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. दोन रात्री गावात काढा, पाणी भरपूर प्या, आदल्या रात्री वाईन टाळा. वर डोकं दुखू लागलं, मळमळलं किंवा चालताना तोल जायला लागला, तर गोळी घेऊन थांबू नका. लगेच २,९३९ मीटरवरच्या ट्रोकनर स्टेगला उतरा, तिथेही बरं वाटलं नाही तर गावात.

वरच्या स्टेशनातून एक बोगदा थेट हिमनदीवर निघतो. इथे बऱ्याच लिफ्ट टी-बारच्या आहेत, म्हणजे दोरीला लटकणारा उलट्या ‘टी’सारखा दांडा दोघांना उभ्या-उभ्या चढावर ओढत नेतो. हिमनदी सतत सरकत असते आणि सरकत्या बर्फात खुर्चीच्या लिफ्टचे जड खांब पक्के रोवता येत नाहीत. नवखे टी-बारवर हमखास पडतात, कारण ते त्यावर बसायला जातात. आडवा दांडा मांड्यांच्या मागे टेकू द्या, गुडघे सैल ठेवा, स्की समांतर आणि सरळ ठेवा. दांडा ओढतो, आपण फक्त उभं राहायचं. जोडीदार साधारण आपल्याच उंचीचा निवडा. पडलात तर दांडा सोडून ताबडतोब बाजूला सरका, मागून पुढची जोडी येतच असते.

पहिल्यांदाच स्की बांधणाऱ्याने इथे उन्हाळ्यात येऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. उंची, कडक बर्फ आणि टी-बार एकदम अंगावर येतात. गुलमर्ग किंवा औलीला थंडीत एक कोर्स करून, थांबणं आणि दोन्ही बाजूंना वळणं नीट जमल्यावर या.

भाड्याच्या सामानात सर्वांत जास्त वेळ बुटांना द्या. मोजा एकच आणि पातळ घाला. दोन मोजे घातले की रक्तपुरवठा दबतो आणि पाय उलट जास्त गार पडतात. गुडघा वाकवल्यावर टाच उचलली गेली तर बूट मोठा आहे. स्की हनुवटी ते नाकाच्या दरम्यान उंचीची, मधे अरुंद आणि कडांना नुकतीच धार लावलेली मागा; धार नसेल तर सकाळच्या बर्फावर ती नुसती घसरते. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी कळ, लावताना वजन, उंची, वय आणि येतं तेवढंच कौशल्य सांगा. बढाई मारून ते घट्ट करून घेतलं, तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटतो. जीन्स नको, ती भिजते. हेल्मेट, गॉगल आणि ५० एसपीएफचं क्रीम हवंच. नाकाखाली आणि हनुवटीखालीही लावा, कारण बर्फावरून ऊन खालून येतं.

आखलेल्या पिस्टबाहेर, म्हणजे स्कीइंगच्या वाटेबाहेर, एक पाऊलही टाकू नका. बर्फाच्या पातळ थराखाली खोल भेगा असतात. पिस्ट गावापर्यंत उतरत नाही, परतीला गोंडोलाच आहे. इटलीच्या चेर्व्हिनियाकडे उतरायचं असेल तर पासपोर्ट जवळ ठेवा आणि परतीच्या शेवटच्या लिफ्टची वेळ पाठ करा. ती चुकली किंवा वाऱ्याने बंद पडली, तर रस्त्याने डोंगराला वळसा घालून यायला कित्येक तास आणि टॅक्सीचे भरमसाट पैसे लागतात.

‘बारमाही’ या शब्दावर मात्र डोळे मिटून बुकिंग करू नका. २०२२च्या जुलैअखेर बर्फ अपुरा पडल्याने इथलं उन्हाळी स्कीइंग थांबवावं लागलं होतं. हॉटेल रद्द करता येईल असं घ्या आणि स्की पास आदल्या संध्याकाळी, वाऱ्याचा अंदाज बघून, एकेका दिवसाचा काढा. भारतातून घेतलेल्या प्रवास विम्यात स्कीइंग बहुतेकदा वगळलेलं असतं. हिवाळी खेळ आणि हेलिकॉप्टर बचाव या दोन्ही गोष्टी पॉलिसीत लिहिलेल्या आहेत का ते निघण्याआधी वाचा. अपघात झाला तर या प्रांतात १४४ला फोन करायचा. जवळच्या खांबावरचा पिस्टचा क्रमांक सांगितला की मदत लवकर पोचते.